रेम्ब्रांटच्या एका चित्रांतील हस्ताभिनय

यूरोपांतील बरोक काळच्या, म्हणजे मुख्यतः सतराव्या शतकाच्या, रेखाटनांवर पुष्कळदां कांहींच लेख नसतो. अशा सुट्या कागदाचा विषय पात्रांच्या हातांवरून ठरविण्याचा मोह होतो. त्यास आधारही आहे : लंडन येथें १६४४ त निघालेल्या जॉन बुल्वरच्या 'कायरोलोजिया' ग्रंथांत एकेका हस्ताचा अर्थ सचित्र दिला आहे. भरताचें नाट्यशास्त्र वाचलेल्यास ही पद्धति परकी वाटणार नाहीं. परंतु केवळ कोशावरून श्लोक लावूं जाणाराची जी गत होते, तीच येथेंही होते.

रेम्ब्रांटचेंच पाहावें. मोंगल चित्रांवरून त्यानें केलेलीं वीसांहून अधिक रेखाटनें उपलब्ध आहेत. ब्रिटिश म्यूझियममधील एकांत झाडाखालीं चार वृद्ध पेले घेऊन बसले आहेत. निवांत बैठक, त्या हातांस पेयपानापलीकडे फारसें कार्य नाहीं. याच बैठकीची ठेवण १६५६ च्या त्याच्या ताम्रपटावरील मुद्रित चित्रांत, अब्राहामाच्या दारीं आलेल्या दिव्य अतिथींच्या प्रसंगीं, दिसते. मुख्य अतिथीच्या एका हातीं पेला आहेच. दुसरा मात्र बोलतांना पुढें आला आहे. यजमान सुरई धरून नम्रपणें ऐकतो, दाराआड वृद्ध सारा ऐकते. तिला पुत्र होईल हें वचन त्या हातांत आहे, असें आपणांस समजतें तें या ऐकणारांमुळें. तेवढाच हात कापून निराळा ठेविला, तर 'आणखी वाढा' असाही अर्थ कोणी लावील!