नाद

पुसेगावच्या मैदानाच्या कडेला तुम्ही उभे आहात. सेवागिरी महाराजांची यात्रा, थंडीतलं कोवळं ऊन आणि चपलेत बोटभर फुफाटा. समालोचकाचा आवाज सकाळपासून बसलाय, तरी माइक सोडायला तो तयार नाही. पलीकडच्या टोकाला गाड्या जुंपून उभ्या आहेत. गाडी कसली, दोन चाकं आणि पाय रोवायला जेमतेम जागा. झेंडा पडतो. आधी तळपायाला जमीन हादरल्यासारखी वाटते, आणि तुम्ही मान वळवेपर्यंत गाड्या समोरून निघूनही गेलेल्या असतात. फेसाळलेली एक नाकपुडी आणि बैलांच्या पाठीवर जवळजवळ पालथा पडलेला गाडीवान, एवढंच काय ते नजरेला लागलं.

“आदत व्हता का दुसा?” शेजारचा म्हातारा विचारतो.

तुमचं तोंड बघूनच त्याला काय ते कळतं. मग तो शिकवायला घेतो. दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत, दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. त्याच्या दावणीलाही एक आहे. त्याला दूध, पेंड, अंडी.

“बायकू म्हनती, पोरास्नी अंडं न्हाय आन बैलाला रोज दोन. काय सांगायचं पावणं, नाद हाय.”

2014 साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. त्या महाराष्ट्रात पुन्हा सुरू व्हायला 2021 चा डिसेंबर उजाडला, आणि कायद्यावर शेवटची मोहोर उठली 2023 च्या मे महिन्यात. मधल्या सात वर्षांत काय केलं, असं तुम्ही त्याला विचारता. तो तुमच्याकडे असा बघतो, की विचारल्याची तुम्हालाच लाज वाटावी. “मैदान न्हवतं. बैल हुता की.”

शहरात लोकांना छंद असतात. ते जोपासतात, त्याचे वर्ग लावतात, लग्नाच्या बायोडेटात त्यासाठी एक ओळ राखून ठेवतात. सातारा-सांगलीकडे नाद लागतो, ताप लागावा तसा. आई पोराला बजावते, त्याच्या नादाला लागू नको. टेम्पोच्या मागं रंगवलेलं असतं, नाद खुळा. आता बैलाच्या मालकाला तुमच्या बायोडेटातली ती ओळ वाचून दाखवा बरं.

गाड्यांचा धुरळा अजून खाली बसलेला नाही. त्यातूनच मागं जायचंय.

खिसा चाचपाल तर मोबाईल नाही, पोस्टकार्ड आहे. साल 1965. सांगलीला आकाशवाणीचं केंद्र होऊन दोन वर्षं झालीत आणि कृष्णाकाठच्या या गावात चावडीसमोर तिन्हीसांजेला माणसं रेडिओभोवती जमलीत. पोस्टकार्डावर बारीक अक्षरात एका गाण्याची फर्माईश आहे आणि खाली बारा नावं. त्यातल्या निम्म्यांना सही येत नाही. ज्यानं कार्ड लिहिलं त्या पोराभोवती सगळे दाटीनं बसलेत. गाणं कुठलंही लागो, नावं लागली पाहिजेत. आज लागत नाहीत. “उंद्या,” असं म्हणत माणसं उठतात आणि धोतराची धूळ झटकतात.

तुम्हीही झटकता, तोवर 1952 आलेलं असतं. कऱ्हाड. पुन्हा बैलच, पण या वेळी संथ. शंभरावर गाड्यांची रांग गोळेश्वरच्या दिशेनं निघालीय आणि खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेत. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मिरवणुकीचं वर्णन पुष्कळांनी केलंय, मी नव्यानं करत नाही. तुम्ही फक्त रस्त्याकडेच्या माणसांचे चेहरे बघा. यांनी पै-पै वर्गणी दिलीय. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. तालमीतल्या पोराचा नाद त्याच्या एकट्याच्या खिशाला झेपत नाही, तो गावाला वाटून घ्यावा लागतो.

आणखी अकरा वर्षं मागं. इथे जरा बसा, सावली चांगली आहे.

सांगली, 1941 चा उन्हाळा. दुपारचे तीन. आयर्विन पुलाचा दगड तापून निघालाय आणि कृष्णेचं पाणी पार खाली गेलंय. गल्लीतल्या एका वाड्याच्या ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर बुद्धिबळाचा पट, पटाभोवती सात-आठ डोकी. पंख्याचं काम वर्तमानपत्राची घडी करते. कुणी बोलत नाही. मधेच कुणी घसा खाकरला तरी दोघं तिघं वळून रागानं बघतात.

खेळणारे दोघे. थोरला वकील असावा, बंडीच्या खिशात चष्म्याचं घर आहे. धाकटा कॉलेजातला. थोरला देशी पद्धतीचा. त्याच्या खेळात प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं. राजाला अजून शह बसला नसेल, तर एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं होतं. दर वेळी वजीर मागता येत नाही. आणि शेवट प्यादेमातेनं झाला तर मान वेगळा. समोरच्याची सगळी फौज मारून एकटा राजा उरवला, तर ती बुर्जी, अर्धाच विजय. देशी खेळाडूच्या मते राजाचं लष्कर साफ कापून काढणं हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे.

धाकट्यानं पुस्तकातून शिकलेला खेळ आणलाय. आत्ता त्यानं राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्या पलीकडं ठेवला.

“हे काय?”

“किल्लेकोट, काका.”

“एका डावात दोन मोहरी हलवायची? मग आमच्या घोड्यानं काय पाप केलंय?”

हशा पिकतो. पण वकीलसाहेब खेळ मोडत नाहीत. ते मोहऱ्यांकडं बघत राहतात. त्या नव्या भिंतीमागं बसलेला राजा त्यांना आवडत नाही, पण त्याला बाहेर कसा काढायचा, हे मात्र त्यांना हवंय. त्यांचं बोट उंटावर जातं आणि तिथंच थांबतं. आतून चहा येतो, त्यावर साय धरते, कप तसाच परत जातो. तुम्ही नकळत पुढं झुकता आणि तुमची सावली पटावर पडते.

“उजेड सोडा,” असं कुणीतरी पुटपुटतं.

याच वर्षी भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं. पुढं उन्हाळा म्हटला की या गावात स्पर्धा, हे गणितच होऊन बसलं. देशभरातली पोरं मे महिन्याच्या उकाड्यात इथे येऊन पडली. स्वाती घाटेसारखी महिला ग्रँडमास्टर याच गावची. ओसरीवरच्या कुणालाच अजून यातलं काही ठाऊक नाही. तिथला प्रश्न एवढाच आहे, की उंटाला जोर आहे का. आहे. हत्तीचा. वकीलसाहेब उंट टाकतात आणि धाकट्याच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसतो.

इथून उठवत नाही, मान्य आहे. पण चहाचा तो कप जिथून आला आणि जिथं परत गेला, तिकडेही एकदा बघायला हवं. तिकडच्या माणसाला नाद कुठला?

त्यासाठी किर्लोस्करवाडी, 1930 चा श्रावण. औंध संस्थानातलं हे माळरान. नांगर बनवणारा कारखाना इथे येऊन वीस वर्षं झालीत. भोंगा झालाय, पुरुष माणसं गेलीत. माजघराच्या दारात बसून एक बाई ‘स्त्री’ मासिकाचा पहिला अंक वाचतेय. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेल्या छोट्या पत्रिकेचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि आता त्याला ही धाकटी बहीण. बाईच्या मांडीवर सूप आहे, सुपात तांदूळ आहेत आणि तांदळांवर अंक उघडा आहे. पायरव ऐकू आला की अंक पदराखाली जातो आणि बोटं खडे वेचू लागतात. तुम्ही दारात उभे राहिलात, तेव्हाही तसंच झालं. तिच्या आईनं पहाटे दळताना ओव्या गायल्या, कामाच्या पोटात गाणं लपवून. ही कामाच्या वर वाचन ठेवतेय. माझ्या मते फरक मोठा आहे, कारण आता नाद वरून दिसतो. तिला मात्र तो दिसायला नको आहे. सरका बाजूला, तिला पान उलटू दे.

बाहेर शाळेच्या पटांगणात पोरं सूर्यनमस्कार घालतायत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना नाद एक नाही. ते चित्रं काढतात, चित्ररामायण करतात, कीर्तनाला उभे राहतात, चित्रं आणि मूर्ती गोळा करतात. यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय अजून व्हायचंय. पण सगळ्यात मोठा नाद सूर्यनमस्काराचा. राजाला नाद लागला की तो प्रजेचा अभ्यासक्रम होतो. मागच्या रांगेतला एक पोरगा साष्टांग पडल्यावर तिथंच दोन श्वास जास्त काढतोय. मास्तरांचं लक्ष नाही. त्याच्या फावल्या वेळाचा हिशेब तेवढाच.

आणखी मागं, मिरज. 1850 च्या आसपास. रेल्वे नाही, जंक्शन नाही, आकाश कोळशाच्या धुराशिवायचं. दर्ग्याजवळच्या गल्लीत फरीदसाहेब शिकलगारांच्या घरासमोर वाळलेले भोपळे रचलेत, घागरीएवढे आणि घागरीहूनही मोठे. भीमेच्या काठावरून आलेत हे. तुम्ही एक उचलता आणि हात उगाचच वर जातो, कारण वजन काहीच नाही. बोटाच्या पेरानं टकटक केलीत तर आतली पोकळी उत्तर देते.

शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. इंग्रजी अंमल आला, लढाया सरल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. दरबारात गवई होते, त्यांच्या तंबोऱ्यांची दुरुस्ती करायला हात हवे होते, आणि मिरजेच्या पटवर्धनांनी हे हात ओळखले. आता बघा. समोरचा कारागीर घोडीच्या पृष्ठावर कानस फिरवतोय. एकदा, दोनदा, मग फुंकर. तारेखाली सुताचा धागा सरकवतो, तार छेडतो, मान हलवतो. नाही. पुन्हा कानस, या वेळी केसभर. यालाच जवारी काढणं म्हणतात. धार काढताना पातं जसं डोळ्यासमोर धरतात, तशी तो घोडी धरतो. सवय जात नाही.

धागा पुन्हा सरकतो. आणि आता तार वाजते तेव्हा आवाज एका जागेवरून येत नाही, गल्लीभर मधमाश्या सुटल्यासारखा पसरतो आणि संपता संपत नाही. पुसेगावच्या म्हाताऱ्याचा शब्द तुम्हाला इथे मूळ अर्थानं ऐकू येतो. कारागीर मात्र खुश नाही. तो कानस उचलतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी तुम्हाला सांगावीशी वाटते. नका सांगू. त्याला अजून केसभर घासायचंय.

मिरजेहून सांगली जवळच आहे, पायीच चला.

5 नोव्हेंबर 1843 ची रात्र. राजवाड्यात दिवट्यांच्या तेलाचा वास, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन बसलेत, तुम्ही मागं खांबाला टेकून. सूत्रधार गातो, विदूषक अचकट बोलतो, गणपती येतो, सरस्वती येते. पदं सगळी सूत्रधाराची. सोंगं घेतलेले पुरुष आपापली भाषणं मनचीच करतात, कारण लिहिलेला शब्द नाहीच. कुणी अडखळलं की दुसरा सावरून घेतो. मग राक्षस. “अललल डुर्र!” राळेचा भपका उठतो, पुढच्या रांगेतलं पोर किंचाळतं आणि तुम्हीही दचकता. हे ‘सीतास्वयंवर’. मराठी नाटकाचा जन्म याच रात्रीचा म्हणतात. आत, पडद्यामागं, वेगळीच धाकधूक आहे. सोंग घेतलं म्हणून उद्या पंगतीला बसू देतील का?

आठ वर्षांनी आप्पासाहेब जातील, आश्रय सुटेल आणि हीच मंडळी गावोगाव खेळ करत थेट मुंबई गाठतील. ते असो. टाळ्या पडायच्या आत तुम्हाला बाहेर पडायचंय. अजून थोडं मागं, जेव्हा कुणी टाळी वाजवणारं नव्हतं.

दुपार. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ अजून राजानं पाहिलेला नाही, ‘असं मराठीत कर’ हा हुकूम अजून सुटलेला नाही. पुढं ‘सीतास्वयंवर’ रचणारा विष्णू अमृत भावे नावाचा तरुण ओसरीच्या कोपऱ्यात बसलाय. मांडीवर लाकडाचा हात आहे, वीतभरही नाही. मनगटाशी तो बारीक भोक पाडतोय. लाकडाचा भुगा धोतरावर पडतो, तो झटकत नाही. शेजारी एक धड, एक मुकुट घातलेलं डोकं, रंग अजून ओला. घरातून कुणीतरी त्याच्या नावानं खेकसतं, एवढा मोठा झाला तरी बाहुल्या करतोय म्हणून. तो मान वर करत नाही. दोरा ओवतो, गाठ मारतो, दातानं तोडतो.

मग त्याचं तुमच्याकडं लक्ष जातं. कोण, कुठले, काही विचारत नाही. त्याचे दोन्ही हात गुंतलेत. तिसरा दोरा लोंबतोय. तो हनुवटीनं खूण करतो, धरा.

तुम्ही धरता. ओढू नका, तो डोळ्यांनीच सांगतो. जरा ढील द्या. आता हळूच.

लाकडाचं मनगट वळतं.