गोडवा, कडवटपणा आणि मठांतील माप

सोनपेठच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की दाण्यातला गोडवा लहान मुलालाही कळतो. धान्याचा हा गोडवा आणखी एका वेळी प्रकटतो : पक्व दाणा भिजवून त्यास मोड आणले म्हणजे. मोड येताना आतल्या पिठाची साखर करणारी द्रव्ये जागी होतात. युरोपातील मठवासी जवाला असेच मोड आणीत, तो वाळवून भरडीत व गरम पाण्यात मुरवून गोड काढा काढीत. तो आंबवला की बिअर तयार होई.

परंतु निव्वळ गोडव्याचे पेय टिकत नाही. ते लवकर आंबट होते. त्यावरील उपाय हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांत सापडला. फ्रान्समधील कोर्बी मठाचे मठाधिपती अदालहार्ड यांनी इ. स. ८२२ मध्ये लिहिलेल्या नियमांत या फुलांचा उल्लेख आहे. पुढे जर्मनीतील मठाध्यक्षा संत हिल्डेगार्ड (१०९८–११७९) यांनी, हॉप्सच्या कडवटपणामुळे पेय नासत नाही, असे नोंदवले. याच विदुषीला २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले.

मात्र कडू किती घालावे? आंबवणानंतरही काही गोडी उरतेच; तिला तोलण्याइतकाच कडवटपणा हवा. हा तोल शतकानुशतके जिभेवर होता. १७८४ साली इंग्लंडच्या जॉन रिचर्डसन यांनी काढ्याची घनता मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणाचा बिअरनिर्मितीतील उपयोग ग्रंथरूपाने मांडला. पाण्याची घनता १.००० धरली, तर १.०५० घनतेच्या काढ्याचे ५० अंश होतात. कडवटपणाचे माप विसाव्या शतकात आले : एका लिटरात हॉप्सचे सुमारे एक मिलिग्रॅम कडू द्रव्य, म्हणजे एक एकक. पाश्चात्त्य देशांत घरी बिअर करणारे आज या दोन आकड्यांचा भागाकार करतात. ५० अंशांना २५ एकके, म्हणजे अर्धे, हा साधारण समतोल मानतात. गव्हाच्या सौम्य बिअरमध्ये प्रमाण याहून कमी, तर कडक इंडिया पेल एलमध्ये ते एकाच्या आसपास जाते. काढा जितका दाट, तितका कडूपणा त्यात कमी उतरतो. म्हणून दाट काढ्यास हॉप्स अधिक लागतात.

वाचकहो, हा इतिहास आम्ही मद्याच्या समर्थनार्थ सांगत नाही. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी मद्य गाळणे वा आंबवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने निषिद्ध आहे. शिवाय बाटलीने मोडलेले संसार आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहेत. 'मठातही पीत होते' असे म्हणून स्वतःची समजूत घालणाऱ्याने त्याच मठांचा दुसरा नियमही वाचावा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकातील आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या अध्यायात द्राक्षारसाचे रोजचे माप ठरवून दिले आहे : एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लिटर. ज्याला देव संयमाचे बळ देतो त्याने तोही वर्ज्य करावा, त्याला त्याचे प्रतिफळ मिळेल, असे ते सांगतात.

पेयातल्या कडवटपणाचे माप शोधायला माणसाला हजार वर्षे लागली. पिणाऱ्याचे माप मात्र संतांनी त्याआधीच घालून दिले होते. पहिले चुकले तर एक पिंप वाया जाते. दुसरे चुकले तर एक घर.