गणित पुढें, प्रयोग मागून

तारेंतून विजेचा प्रवाह वाहूं लागला कीं तार तापते व कांहीं शक्ति फुकट जाते, हें घरोघर ठाऊक आहे. १९११ सालीं हॉलंडमधील लायडन येथें कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेंत पारा शून्याखालीं सुमारें २६९ अंशांपर्यंत थंड करतांच विजेला होणारा त्याचा विरोध एकाएकीं नाहींसा झाला. हीच अतिवाहकता. ती अनपेक्षितपणें सांपडली, व पुढील अतिवाहक पदार्थही बहुधा चांचपडतच हातीं आले. हायड्रोजनची कथा मात्र निराळी आहे.

१९३५ सालीं विग्नर व हंटिंग्टन यांनीं अनुमान केलें कीं, प्रचंड दाबाखालीं हा वायु धातु बनावा. त्यांनीं कल्पिलेला अडीच लाख वातावरणांचा दाब पुढें फारच अपुरा ठरला. १९५७ सालीं बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं अतिवाहकतेचें मर्म उलगडलें: अणूंच्या कंपनांमुळें धातूंतील इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, व जोडीनें चालणार्‍यांस अडथळा होत नाहीं. अणु जितका हलका, तितकें त्याचें कंपन जलद; आणि हायड्रोजनहून हलका अणु सृष्टींत नाहीं! हा धागा धरून १९६८ सालीं नील अ‍ॅशक्रॉफ्ट यांनीं सुचविलें कीं, धातुरूप हायड्रोजन बर्‍याच उष्ण स्थितींतही अतिवाहक राहील. पण तेवढा दाब आणावा कोठून? २००४ सालीं त्यांनींच तोड काढली: हायड्रोजन दुसर्‍या मूलद्रव्याशीं संयोग पावला, म्हणजे तो अगोदरच दाबलेला असतो; मग बाहेरचा दाब कमी पुरतो.

आतां अणूंच्या असंख्य रचना संगणकावर मांडून त्यांतील टिकाऊ रचना निवडतां येऊं लागली होती. २०१४ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं सडक्या अंड्यांच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडचा हिशेब मांडला. एका गटाचें उत्तर शून्याखालीं सुमारें १९३ अंश. गंधकाच्या एका अणूस तीन हायड्रोजन धरणार्‍या दुसर्‍या गटाचें, सुमारें ७०. जर्मनींत माइन्त्स येथें एरेमेट्स यांच्या मंडळींनीं हा वायु दोन हिर्‍यांच्या टोकांमध्यें, वातावरणाच्या सुमारें १५ लाख पट दाबानें चिरडला. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा आंकडा होता शून्याखालीं ७०! लँथनमच्या हायड्राइडविषयींचें २०१७ मधील भाकितही २०१९ सालीं बव्हंशीं खरें ठरलें: शून्याखालीं अवघे २३ अंश.

या यशाबरोबर मोहही वाढला. २०२० सालीं खोलीच्या तापमानास अतिवाहकता साधल्याचा दावा अमेरिकेंतून झाला. २०२२ सालीं 'नेचर' नियतकालिकानें तो निबंध मागें घेतला. गणित वाट दाखवितें. निवाडा मात्र दुसर्‍यांसही करून पाहतां येईल अशा प्रयोगानेंच व्हावयाचा असतो.

दाब काढतांच या पदार्थांचा हा गुण हरपतो. म्हणून घरच्या तारेस त्यांचा अजून उपयोग नाहीं. कमी दाबांत टिकेल असा पदार्थ कोणता, हा प्रश्न उरला आहे. आणि आजवरचा इतिहास पाहतां, तो प्रथम कागदावर सुटावा हेंच अधिक संभवनीय दिसतें.