कुंभकोणमचा हत्तीरोग आणि प्रतिकारयंत्रणेचे मौन

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले मंदिरांचे नगर. एके काळी ते तंजावरच्या मराठी राज्यात मोडत असे. गणिताच्या अभ्यासकांना ते श्रीनिवास रामानुजन यांचे गाव म्हणून परिचित आहे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव हत्तीरोगाशी जोडलेले आहे. या रोगाला तमिळमध्ये ‘यानैक्काल’, म्हणजे ‘हत्तीचा पाय’ म्हणतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एम. के. सांबशिवन हे शल्यविशारद कुंभकोणममध्ये वैद्यकी करीत होते. ते गांधीजींचे अनुयायी होते. सुजलेल्या पायांवर उपचार करून रोग हटणार नाही, डासांची पैदास थांबवली पाहिजे, हे ओळखून त्यांनी गावकऱ्यांना एकत्र केले आणि डासांच्या उत्पत्तीची ठिकाणे नष्ट करण्याची मोहीम उभारली. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा असताना त्यांचे निधन झाले. तो मुलगा म्हणजे ७ ऑगस्ट १९२५ रोजी कुंभकोणममध्येच जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन. ‘अशक्य’ हा शब्द मुख्यतः माणसाच्या मनात असतो, हे आपण वडिलांकडून शिकलो, असे ते सांगत असत.

सांबशिवन यांच्या मोहिमेमागे साठ-सत्तर वर्षांचे संशोधन होते. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांना माणसाच्या रक्तात वळवळणाऱ्या सूक्ष्म अळ्या आढळल्या. १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवले की रुग्णाला चावलेल्या डासाच्या पोटात या अळ्या जातात आणि तेथे त्यांची वाढ होते. रोग्याकडून रोग उचलणारा कीटक विज्ञानाला प्रथमच सापडला होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असा मॅन्सन यांचा तर्क मात्र चुकीचा ठरला. १९०० मध्ये जॉर्ज लो यांना डासाच्या सोंडेतच अळ्या दिसल्या आणि लागण चाव्यातून होते हे स्पष्ट झाले. भारतात हे काम प्रामुख्याने क्युलेक्स डास करतो. तो गटारांच्या आणि शोषखड्ड्यांच्या घाण पाण्यात वाढतो.

डासाचे कोडे सुटले, तरी दुसरे कोडे शिल्लक राहिले. हत्तीरोगाच्या अळ्या बहुधा रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणीसाठी रक्त रात्री घेतले जाते. अशा तपासण्यांमध्ये एक विसंगती वारंवार आढळली. ज्यांचे पाय सुजलेले असत, त्यांतील अनेकांच्या रक्तात अळ्या सापडत नसत. ज्यांच्या रक्तात त्या भरपूर असत, ती माणसे बहुधा धडधाकट दिसत. प्रौढ जंत लसिकावाहिन्यांमध्ये सहा ते आठ वर्षे जगतात आणि मादी त्या काळात लाखो अळ्यांना जन्म देते. कित्येक सेंटिमीटर लांबीचा परका जीव वर्षानुवर्षे शरीरात राहतो, तोही नेमका प्रतिकारपेशींच्या वाटेवर, कारण लसिकावाहिन्या या त्याच पेशींच्या वाटा आहेत. तरीही शरीर गप्प का बसते?

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर देण्यात चेन्नईचा मोठा वाटा आहे. तेथील क्षयरोग संशोधन केंद्राचे व्ही. कुमारस्वामी आणि अमेरिकेचे थॉमस नटमन यांच्या गटांनी तमिळनाडूतील रुग्णांच्या रक्तपेशींचा दीर्घकाळ अभ्यास केला. रक्तात अळ्या बाळगणाऱ्या पण निरोगी दिसणाऱ्या व्यक्तींच्या टी-पेशी जंताच्या प्रथिनांना फारसा प्रतिसाद देत नाहीत, आणि दाह शमवणारा इंटरल्यूकिन-१० हा रेणू त्यांच्यात वाढलेला असतो, असे दिसून आले. प्रतिकारयंत्रणा दुबळी नव्हती. तिला या एका शत्रूपुरते आवरून धरलेले होते.

हे आवरणे रेणूंच्या पातळीवर कसे घडते, याचा एक धागा २००१ मध्ये हाती आला. हत्तीरोगाचाच दुसरा एक जंत, ब्रुगिया मलायी, सिस्टॅटिन कुळातील एक छोटे प्रथिन स्रवतो. प्रतिकारपेशी परक्या प्रथिनाचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात, आणि ती मांडणी पाहून टी-पेशी सावध होतात. जंताचे हे प्रथिन तुकडे करणाऱ्या विकरालाच अडवते. पुरावा मांडलाच गेला नाही, तर टी-पेशींना शत्रूची खबर लागत नाही.

याच पायरीवर आपल्या शरीराचेही स्वतःचे नियंत्रण असते, आणि ते अशा जागी सापडले जेथे कोणी शोधत नव्हते. जनुकीय नकाशे तयार करताना साधारण शंभर अमिनो आम्लांपेक्षा लहान प्रथिनांच्या शक्यता सहसा वगळल्या जात. त्यामुळे हजारो आरएनए रेणूंवर ‘प्रथिन न बनवणारे’ असा शिक्का बसला. २०१८ मध्ये येल विद्यापीठात रिचर्ड फ्लॅव्हेल यांच्या गटाला आढळले की उंदराच्या मॅक्रोफेज पेशींतील अशाच एका आरएनएपासून प्रत्यक्षात प्रथिन बनते, आणि आतड्याच्या अस्तरातील प्रतिकारासाठी ते आवश्यक असते. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी त्याहून लहान उदाहरण दिले. एका ‘प्रथिन न बनवणाऱ्या’ मानवी आरएनएपासून केवळ १७ अमिनो आम्लांची साखळी बनते. ती प्रतिकारपेशींमध्ये परक्या तुकड्यांची मांडणी रोखते, आणि उंदरांना ती दिल्यावर स्वतःच्याच शरीरावर उलटलेला दाह कमी झाला.

शरीर अतिरेकी दाह टाळण्यासाठी जी पायरी आवरते, तीच पायरी जंत स्वतःच्या बचावासाठी बंद पाडतो. हे शोध स्वतंत्रपणे लागले, पण दोन्हींत नियंत्रण करणारा रेणू अगदी लहान आहे.

जंताकडे आणखीही एक साधन आहे. प्रथिने न बनवता इतर जनुकांना आवर घालणारे सूक्ष्म आरएनए १९९३ मध्ये प्रथम सापडले, तेही एका गोलकृमीतच; त्या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. हत्तीरोगाचा जंत हा त्याच गोलकृमींच्या संघातला. २०१४ मध्ये एडिंबरा येथे उंदराच्या आतड्यातील एका कृमीचा अभ्यास झाला. तो असे सूक्ष्म आरएनए बारीक पिशव्यांत भरून बाहेर सोडतो आणि त्या पिशव्या उंदराचा प्रतिकार मंदावतात, असे दिसले. पुढच्याच वर्षी ब्रुगियाच्या अळ्याही अशा पिशव्या सोडतात आणि मॅक्रोफेज त्या गिळून आपले वर्तन बदलतात, हे सिद्ध झाले. त्यांतील काही आरएनए माणसाच्या आरएनएशी हुबेहूब जुळतात.

या संशोधनाचा संबंध आजच्या एका अडचणीशी आहे. भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. २००४ पासून बाधित जिल्ह्यांतील सर्वांना वर्षातून एकदा गोळ्या देण्याचे धोरण देशभर राबवले जाऊ लागले. तीन औषधांची एकत्रित मात्रा ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम दिली गेली, त्यांत महाराष्ट्राचे नागपूर होते. निर्मूलनाचे लक्ष्य २०२७ हे आहे. गोळ्या घेऊन दारी आलेल्या आरोग्यसेविकेला विदर्भात एकच प्रश्न ऐकावा लागतो: मला काहीच झालेले नाही, मग मी गोळी का घेऊ?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वरच्या इतिहासात आहे. पाय सुजेपर्यंत लसिकावाहिन्यांचे नुकसान झालेले असते आणि गोळी ते सहसा भरून काढू शकत नाही. डासाला अळ्या मिळतात त्या बहुधा धडधाकट माणसाच्या रक्तातून, कारण त्याच्या शरीराला जंताने गप्प केलेले असते. म्हणून गर्भवती, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी वगळता गोळी सर्वांना दिली जाते. ती घेतल्यावर एखाद्याला ताप किंवा डोकेदुखी होते, तेव्हा बहुधा अळ्या मरू लागलेल्या असतात आणि इतकी वर्षे शांत राहिलेली प्रतिकारयंत्रणा त्यांना प्रतिसाद देऊ लागलेली असते.

सांबशिवन यांनी कुंभकोणमच्या लोकांना साचलेल्या पाण्यातील धोका दाखवला. तो डोळ्यांना दिसत होता. आज आरोग्यसेविकेला जो धोका पटवून द्यायचा आहे, तो निरोगी माणसाच्या रक्तात रात्री फिरत असतो, आणि त्या माणसाला स्वतःला त्याची खबर नसते.