अरुण खोपकर
अरुण खोपकर (जन्म : १९४५) हे मराठी चित्रपट-दिग्दर्शक, लेखक व कलासमीक्षक आहेत. पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. मणी कौल यांच्या ‘आषाढ का एक दिन’ (१९७१) या हिंदी चित्रपटात त्यांनी कालिदासाची भूमिका केली. चित्रकार जहांगीर सबावाला व कवी नारायण सुर्वे यांच्यावर त्यांनी माहितीपट केले. गोगोलच्या कथेवर आधारित ‘कथा दोन गणपतरावांची’ हा त्यांचा कथापट होय. ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ या त्यांच्या ग्रंथाला राष्ट्रीय पुरस्कार, तर ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चित्र, नृत्य, संगीत व साहित्य यांच्या संदर्भात चित्रपटाचा विचार करणे, हे त्यांच्या लेखनाचे आणि माहितीपटांचे समान वैशिष्ट्य आहे.