जागा बदलली की पृथ्वी? अलिबागच्या वेधशाळेचा धडा

१/७
अलिबागचा किल्ला पाहून परतणाऱ्यांपैकी फार थोडे तेथील चुंबकीय वेधशाळेकडे वळतात. आकडा पारखून कसा घ्यावा, याचा उत्तम पाठ १९०४ ते १९०६ या काळात तेथे गिरवला गेला. या कथेचा आरंभ मात्र शेजारच्या नागावात होतो.

२/७
केरो लक्ष्मण छत्रे मूळचे नागावचे. किशोरवयातच ते मुंबईतील कुलाबा वेधशाळेत साहाय्यक झाले. १८२६ साली स्थापन झालेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. ठरल्या वेळी उपकरण वाचावे आणि दिसेल तोच आकडा टिपावा, ही तेथील शिस्त.

३/७
पुढे केरूनाना पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक त्यांचेच विद्यार्थी. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत प्रसिद्ध केली. पंचांगाचे गणित आकाशाशी जुळत नसेल, तर गणितच सुधारले पाहिजे, ही त्यांची भूमिका.

४/७
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, म्हणजे कुलाब्याच्या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार. संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत नवी जागा निवडली गेली : अलिबाग.

५/७
पण खरी अडचण पुढेच होती. पृथ्वीचे चुंबकत्व दोन ठिकाणी तंतोतंत सारखे नसते. उद्या आकडा बदलला, तर पृथ्वी बदलली म्हणायची की केवळ जागा? साठ वर्षांची नोंदमालिका तेथेच तुटली असती.

६/७
म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यांतून दोन जागांमधील फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबाग सज्ज होते. १८४६ ते १९०५ च्या नोंदींवरील मूस यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

७/७
हा पाठ इतिहासाच्या वर्गातही शिकवला पाहिजे. जुना कुलाबा जिल्हा १९८१ साली रायगड झाला. जुन्या जनगणनेतील आकडा आजच्या आकड्याशेजारी मांडण्यापूर्वी विचारा : सीमा त्याच होत्या का? मोजण्याची रीत तीच होती का? अन्यथा आपण वाढ मोजत नसतो, नकाशा मोजत असतो.