बार हार्बरचे लठ्ठ उंदीर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थौल्याची कारणे सांगताना गुरू व मधुर आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्याबरोबर बीजस्वभावाचाही, म्हणजे मातापित्यांकडून आलेल्या प्रकृतीचाही, निर्देश केलेला आहे. परंतु व्यवहारात स्थूल मनुष्यास खादाडपणाचा आरोपी ठरवून, त्याची कैफियत न ऐकताच निकाल देण्याचा प्रघात पूर्वेस आणि पश्चिमेस सारखाच रूढ राहिला. या बीजस्वभावाचा ठसठशीत पुरावा पुढे ज्या स्थळी हाती आला, ते अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या माउंट डेझर्ट बेटावरील बार हार्बर हे गाव होय.

१९२९ साली क्लॅरेन्स कुक लिटल यांनी तेथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापिली. पिढ्यानुपिढ्या भावंडांचाच संकर करून उंदरांचे एकजिनसी वंश सिद्ध करावयाचे आणि प्रत्येकाची वंशावळ दफ्तरी नोंदून ठेवावयाची, हा तिचा उद्योग. (असे दफ्तर आमच्या कित्येक इनामदार घराण्यांसही राखता आले नाही!) १९४७ च्या ऑक्टोबरात बेटावर वणवा पसरून इमारतींसह बहुतेक सारे उंदीर भस्मसात झाले, तेव्हा पूर्वी अन्यत्र पाठविलेल्या वंशांतील उंदीर तेथील संशोधकांनी परत धाडले. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, तेथील पिंजऱ्यांत विलक्षण लठ्ठ उंदीर आढळले. मातापिता दोहोंकडून एकच सदोष बीज, म्हणजे जनुक, आले असता असा उंदीर उपजतो आणि सामान्य उंदराच्या तिप्पट भारी होऊ शकतो, असे निष्पन्न झाले.

१९६५ मध्ये तेथेच मधुमेही लठ्ठ उंदरांचा दुसरा वंश सापडला आणि डग्लस कोलमन या कॅनडात जन्मलेल्या रसायनज्ञाने त्याचा छडा लावण्याचे मनावर घेतले. त्यांनी दोन उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने जोडून त्यांचे रक्त परस्परांत खेळेल अशी योजना केली. मधुमेही उंदराशी निरोगी उंदीर जोडताच निरोगी उंदराने अन्न वर्ज्य केले आणि तो उपासमारीने मेला, तर त्याचा जोडीदार खातच राहिला. पहिल्या वंशातला लठ्ठ उंदीर जोडला, तेव्हा तोही तसाच उपाशी राहिला. यावरून कोलमन यांनी निष्कर्ष काढला की, ‘आता पुरे’ असे फर्मान रक्तावाटे मेंदूकडे जात असते. पहिल्या वंशात ते निघतच नाही आणि दुसऱ्यात ते निघते, पण रुजू होत नाही. हे अनुमान मला त्या अर्धशतकातील अत्यंत देखण्या अनुमानांपैकी एक वाटते. तथापि लठ्ठपणा हा वर्तनाचाच दोष मानणाऱ्यांना ते पटण्यास बराच काळ गेला, आणि ते द्रव्य वेगळे काढण्याचे खुद्द कोलमन यांचे प्रयत्नही निष्फळ ठरले.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी ते द्रव्य घडविणारे बीज हस्तगत केले. लेप्टिन नामक ते द्रव्य शरीरातील चरबीच स्रवते, असे सिद्ध झाले. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लेप्टिनचा अभाव असलेल्या दोन चुलत भावंडांचा वृत्तांत प्रसिद्ध केला; त्यांपैकी आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. पुढे लेप्टिन टोचताच तिची भूक ओसरली आणि वजन उतरले.

सामान्य स्थूल माणसाच्या रक्तात मात्र लेप्टिन मुबलकच असते, म्हणून त्याला या औषधाचा विशेष लाभ झाला नाही. त्याच्या बाबतीत बीजाचा अंमल अनेक हातांनी चालतो. २००७ मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांत एफटीओ या जनुकाचा एक भेद उजेडात आला. तो मातापिता दोहोंकडून लाभलेल्यांचे वजन, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरीने तीन किलो अधिक भरले. त्यानंतर अशी शेकडो स्थाने सापडली असून त्यांतील बहुतेकांचा वाटा याहूनही अल्प आहे.